गार भिंतींचं घर

ओस्वाल्दो बर्रासा बावळट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. समुद्रकाठच्या उकाड्यात, बारांक्विलात, वीस वर्षं त्याने लोकांचे फ्रीज दुरुस्त केले, आणि दारोदार फिरून माणूस चार गोष्टी शिकतोच. तरी घोटाळा झाला. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

राजधानी बोगोताजवळच्या फुलांच्या मळ्यात शीतगृहं सांभाळायची नोकरी लागली, तेव्हा घर बघायला तो एकटाच पुढे गेला. बायकोने, मारित्साने, बजावलं होतं: शाळा पायी जाण्याजोगी हवी, पोरीला खेळायला जागा हवी, रस्ता शांत हवा. काहिका गावही तिनेच हट्टाने निवडलेलं. बोगोताच्या गर्दीबाहेर, पोराबाळांच्या माणसांना बरं, असं तिची मावसबहीण म्हणाली होती. ओस्वाल्दोने सगळं नीट पाहिलं. शाळा चार मिनिटांवर, आवारात झोके, फाटकावर पहारेकरी. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन घरं रिकामी होती.

घर दाखवणाऱ्या दोन्या एल्विया, म्हणजे एल्वियाबाई, त्याला आधी डावीकडच्या घरात घेऊन गेल्या. हे घ्या, इथे दुपारपर्यंत ऊन असतं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. ओस्वाल्दोने सवयीने भिंतीला हात लावला. भिंत कोमट. आमच्या किनाऱ्यावर घर बघायची रीतच ही: भर दुपारी जायचं, भिंत चाचपायची, तापलेली लागली की पाठ फिरवायची. त्याला वाटलं, ही डोंगरातली बाई परक्या माणसाच्या गळ्यात भाजणारं घर मारतेय. त्याने उजवीकडचं गार भिंतींचं घर घेतलं आणि वर्षाचा करार करून टाकला. जिना उतरताना तो मनातल्या मनात हसत होता, मेला.

पण काहिका म्हणजे ढगांच्या शेजारचं गाव. इथे सकाळी तोंडातून वाफ निघते. मारित्सा पोरीला घेऊन आली आणि आठवड्याभरात भिंतींना पाणी सुटलं. कपडे चार चार दिवस वाळेनात. कपाटामागे काळी बुरशी चढली, आणि सहा वर्षांच्या आनेलिसची छाती वाजायला लागली. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, औषध देतो, पण पोरीला उन्हाचं घर हवं.

"तू घर घेतलंस तेव्हा दुसरं नव्हतंच का?" मारित्साने विचारलं.

"नव्हतं. हे एकच उरलं होतं."

तोंडातून निघून गेलं खरं. आयुष्य गारव्यावर काढलेल्या माणसाला गारवा कळला नाही, हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगायचं? उद्या सांगू म्हणता म्हणता दोन महिने गेले. तोवर समोरच्या घरात दुसरं कुटुंब आलं. त्यांची पोरं बनियनवर, उघड्या दारात उन्हात लोळायची. त्या दाराशी आलं की ओस्वाल्दो खिशातल्या किल्ल्या चाचपत मान खाली घालून जायचा. खाई त्याला खवखवे. पोरीला गुळाचं गरम पाणी पाजताना तिच्या छातीतली शिट्टी ऐकू यायची आणि त्याला स्वतःच्या मुस्काटीत मारून घ्यावंसं वाटायचं.

एका शनिवारी मारित्साने बॅग काढली. दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन बारांक्विलाला, आईकडे जाणार होती. परत कधी, ते ठरलं नव्हतं. आईशी फोनवर बोलताना ती म्हणत होती की चूक माझीच, मीच हट्टाने इथे आणलं, पोरीची मीच वैरीण. ओस्वाल्दो स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होता. फोन ठेवून ती त्याच्याजवळ आली.

"मला माफ कर," ती म्हणाली. "माझ्या हट्टापायी तुला इथे एकटं राहावं लागणार."

हे मात्र त्याला सोसवेना. त्याने सगळं सांगून टाकलं: दोन घरं, कोमट भिंत, एल्वियाबाईंनी दोनदा सांगितलेलं, आणि आपण तिच्याशी खोटं बोललो ते. मारित्सा खाली बसली. त्याला वाटलं, आता आरडाओरडा होईल. झाला असता तर बरं वाटलं असतं.

"दोन महिने मी देवाकडे माफी मागतेय," ती म्हणाली. "आईलासुद्धा मीच दोषी म्हणून सांगितलं. आणि तू ऐकत होतास."

ओस्वाल्दोने तिच्यासमोरच सासूला फोन लावला. दोन्या नुरिस आधी हालहवाल विचारत राहिल्या. त्याने मध्येच तोडून सांगितलं की चूक मारित्साची नाही, माझी आहे, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. पलीकडे पंखा घरघरत होता.

"भिंत गार लागली असती तर मीही तेच घर घेतलं असतं, बाळा," म्हातारी म्हणाली. "पण माझी पोर रडताना मी गप्प बसले नसते."

मारित्सा उठली आणि तिने पोरीचे उरलेले स्वेटर बॅगेत भरले. ओस्वाल्दोने चेन लावायला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला आणि चेन स्वतःच लावली.