उपाशी पोटी

लॅबमध्ये झाडू-फरशी करता करता मावशीला बारा वर्षं झाली होती, आणि त्या बारा वर्षांत तिने एक गोष्ट अगदी कोळून प्यायली होती: रक्त द्यायचं ते उपाशी पोटी. काउंटरवरचा बाबा रोज कुणावर तरी खेकसायचा, "चहा पिऊन आलात? मग उद्या या!" कामाचा खाडा करून आलेली माणसं तोंड पाडून परत जायची. मावशीला त्यांची कीव यायची, रागही यायचा. एवढं साधं कळू नये माणसाला? गल्लीत तिला 'अर्धी डॉक्टरीण' म्हणायचे. म्हणायचे थट्टेने, पण घरात कुणी आजारी पडलं की पहिलं दार तिचंच वाजवायचे.

तर या अर्ध्या डॉक्टरणीची नात तापाने फणफणली. तीन वर्षांची पोर, दिवसभर काही ना काही कुरतडत असायची, म्हणून आजीने तिला उंदरी म्हणायला सुरुवात केली होती. त्या दुपारी चार घास भात गेला, तोही उलटून पडला. मग संध्याकाळभर ग्लानीतच होती. लेक शिवणाच्या कारखान्यात. सुट्टी मागितली की मुकादम कायमची सुट्टी देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना तिचा पाय उंबऱ्यातून हलेना. "आई, कपात दूध काढून ठेवलंय गं. पाजूनच ने तिला दवाखान्यात."

"हो गं बाई, तू जा."

लेक वळली आणि मावशीने कपावर ताटली ठेवली. मोठ्या दवाखान्यात रक्त काढणारच. पोटात दूध आहे म्हटल्यावर हाकलून देतील, म्हणजे उद्या पुन्हा रांग, पुन्हा खाडा. जाताना तिने बिस्किटाचा पुडा तेवढा पिशवीत टाकला.

रांग फाटकापर्यंत आली होती.

"आजी, बिस्कुट."

"रक्त दिलं की अख्खा पुडा तुझा, उंदरे."

थोड्या वेळाने पोरीने पुन्हा मागितलं, हळूच. मग मागणंच सोडलं. कपाळावर घाम आला, अंग गार पडलं. मावशीला हायसं वाटलं. घाम फुटला म्हणजे ताप उतरला, हे कुणीही सांगेल. तिने पदराने घाम टिपला. शेजारची बाई म्हणाली, "किती शहाणी पोर! रडणं नाही, हट्ट नाही." मावशीला बरं वाटलं. "आहेच माझी गुणाची," ती म्हणाली.

नंबर आला तेव्हा पोर डोळे उघडेना. नर्सने बोट टोचून छोट्या मशीनवर थेंब घेतला आणि पोरीला उचलून आत पळाली.

"शेवटचं कधी खाल्लं हिने?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काल दुपारी. तेव्हापासून पाण्याशिवाय काही नाही." मावशी घाईघाईने म्हणाली, "उपाशी पोटीच आणलंय, बाई."

डॉक्टरीणबाईंचे हात शीर शोधत होते. "अहो आजी, आजारी लेकराला उपाशी नाही ठेवायचं! साखर पार तळाला गेलीय हिची."

"पण आमच्या लॅबमध्ये तर..." मावशी म्हणाली.

सलाईनमधून साखर दिली. मशीनवरचा आकडा वर आला, पण पोरीला शुद्ध आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी उंदरी गेली.

तापच वाईट होता, असं गल्ली म्हणाली. कुणी मावशीला बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसवेना. चौथ्या दिवशी लेक ताट घेऊन तिच्यापुढे बसली. रडून रडून तिचा चेहरा ओळखू येत नव्हता, तरी तिने घास केला.

"खा, आई. अशानं तूही जाशील. माझ्या मनाला एवढाच आधार आहे बघ, तू होतीस. तुझ्या हातचं दूध पिऊन तरी गेली माझी पोर. उपाशी गेली असती तर मला जन्मभर..."

"नाही प्यायली."

"काय?"

"मीच दिलं नाही. तू गेलीस आणि मी कप झाकून ठेवला." मावशी म्हणाली. "रांगेत बिस्कुट मागितलं गं तिने. दोनदा मागितलं. तेही दिलं नाही मी."

लेकीने हातातला घास ताटात ठेवला. ती उठली, खुंटीवरची पिशवी काढली आणि आत हात घातला. पुडा तसाच होता, न फोडलेला. तो छातीशी धरून ती आईकडे पाठ करून बसली, आणि मावशीला तिच्या पाठीवर हात ठेवायचा धीर झाला नाही.