फोटोपुरतं

दिनाबाईंनी आयुष्यभर पावतीपुस्तक हातात घेऊन पैसे मागितले होते. पनवेलच्या कोळीवाड्याला लागून त्यांचं पाळणाघर होतं. मासे विकणाऱ्या बायका पहाटे लिलावाला जायच्या, तेव्हा त्यांची पोरं कुठं ठेवायची, एवढ्या एका प्रश्नातून त्यांनी ते शाळेत नोकरी करता करता सुरू केलं. निवृत्तीनंतर तोच त्यांचा संसार झाला, कारण घरातला संसार पांगला होता. नवरा सॉलोमन वारला आणि मुलगा बेन इस्राएलला जाऊन अश्दोदमध्ये कायमचा राहिला. दरवर्षी दिवाळीच्या आधी दिनाबाई खांद्याला पिशवी अडकवून निघत. दवाखाने, सराफ, किराणा दुकानं, सिनेगॉगला येणाऱ्या आपल्या ज्यू समाजाची उरलीसुरली घरं. कुणी खुर्ची पुढे करी, कुणी पुढच्या महिन्यात बोलावी. मागण्यात थोडा कमीपणा असतो, तो मागणाऱ्यानं आपल्या अंगावर घ्यायचा आणि ज्यांच्यासाठी मागतो त्यांना त्याची झळ लागू द्यायची नाही, असा त्यांचा नियम होता. तीस वर्षं त्यांनी तो पाळला, म्हणून एकदा मोडला तेव्हा तो मोडतोय हे त्यांना चांगलं कळत होतं.

२०१४ साली पाळणाघराची खोली मालकानं बिल्डरला दिली. तीन महिन्यांची मुदत मिळाली. बावीस पोरं होती, त्यातली निम्मी नीट बोलायलाही न लागलेली. दिनाबाई पिशवी घेऊन निघाल्या तर पनवेल त्यांना ओळखेनासं झालेलं. सराफाचा मुलगा काचेच्या केबिनमध्ये बसत होता आणि मेल पाठवा म्हणत होता. नव्या सोसायट्यांचे वॉचमन गेटवरच वही पुढे करून कोणाकडे जायचंय ते विचारत. महिनाभर तंगडतोड करून जे जमलं त्यात नव्या जागेचं कुलूपही आलं नसतं.

तेव्हा रिया मदतीला आली. नवीन पनवेलात राहणारी, बेलापूरला कंपनीत कामाला जाणारी चोवीस वर्षांची मुलगी. दर रविवारी पाळणाघरात येऊन ती पोरांना गाणी शिकवायची. मनानं निर्मळ, हाताला उरक असलेली, बोलण्यात मात्र घाई. "आंटी, हे पावतीबिवती आता कोण घेतं? आपण फेसबुकवर पेज काढू. एक साइट आहे, तिथं कॅम्पेन लावलं की जगातून कुठूनही लोक डोनेट करतात. फक्त एक स्टोरी पाहिजे. एक चेहरा पाहिजे."

चेहरा म्हणजे कृष्णाबाई, हे दोघींनाही न बोलता कळलं.

मासे विकणाऱ्या कृष्णाबाईचा थोरला मुलगा मिथुन हा पाळणाघरातल्या पहिल्या चार पोरांपैकी एक, आणि आता त्या मिथुनची दीड वर्षाची गोदू तिथंच दुडदुडत होती. तीस वर्षांची ओळख, एकमेकींना अगंतुगं करण्याइतकी. शुक्रवारी दुपारी कृष्णाबाई दिनाबाईंकडे मासा घेऊन यायची, आणि तोही खवल्यांचाच. या घरात कोळंबी आणि खेकडे चालत नाहीत हे तिला दिनाबाईंच्या सुनेपेक्षा पक्कं माहीत होतं. मासा ओट्यावर ठेवून ती चहा घ्यायची, नवऱ्याच्या, काळूरामच्या, तक्रारी सांगायची आणि जाताना त्याच काळूरामसाठी दोन करंज्या मागून न्यायची.

बाजारात बसताना कृष्णाबाईच्या अंगावर सोनं असायचं. कानात, गळ्यात, हातात. कोळणीच्या अंगावरचं सोनं म्हणजे तिची कमाई. ती दिवसभर बर्फात हात घालून मिळवते आणि चारचौघांत मिरवते. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण रियानं कॅमेऱ्यातून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"आंटी, एवढं गोल्ड बघून कोण पैसे देईल? लोक म्हणतील ह्यांनाच कर्ज मागा." मग कृष्णाबाईकडे वळून ती लाडानं म्हणाली, "मावशी, फक्त फोटोपुरतं काढाल? दोन मिनिटं."

कृष्णाबाई हसली. कानातलं काढलं, हातातल्या पाटल्या काढल्या, सगळं रुमालात बांधून बाजूला ठेवलं. गोदूला कडेवर घेतलं. पोरीनं आजीच्या डाव्या हातावर अशी काही बैठक मारली की हिरव्या बांगड्याही पदराखाली गेल्या.

"गळ्यातलं पण," रिया म्हणाली. "ते सोन्यातच आहे ना, चमकतं."

आता कृष्णाबाई हसली नाही. तिनं मान वळवून दिनाबाईंकडे पाहिलं. काळूराम त्या वेळी होडी घेऊन खाडीबाहेर गेला होता. माणूस पाण्यावर असताना कोळीण गळ्यातलं मंगळसूत्र काढत नाही. तापानं फणफणली तरी, बाळंतपणातसुद्धा नाही. हे पनवेलात जन्मलेल्या दिनाबाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांच्या मनात बावीस पोरं आली, खोलीची मुदत आली, सराफाची ती काचेची केबिनही आली. आणि त्यांनी हळूच मान हलवली. काढ, अशी.

फोटो सुरेख आला. रियानं तो काळापांढरा केला, त्यामुळे कपाळावरचं कुंकूही सुरकुत्यांत मिसळून गेलं. खाली लिहिलं होतं: 'निराधार कृष्णाबाई नातीला कडेवर घेऊन आयुष्याशी झुंज देते आहे.' रियानं मजकूर वाचून दाखवला तेव्हा 'निराधार' या शब्दाशी दिनाबाई अडखळल्या. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेली बाई, एक शब्द खोडायला कितीसा वेळ लागतो? पण त्या "बरं आहे" म्हणाल्या.

पैसे आले. दिनाबाईंना दारोदार फिरून वर्षात मिळत नसत इतके चार दिवसांत आले. पुण्याहून, बंगलोरहून, दुबईहून, कधी नाव न ऐकलेल्या गावांहून. रिया दर तासाला फोन करून आकडा सांगायची आणि दिनाबाई लहान मुलीसारख्या खूश व्हायच्या. त्या आनंदाची आठवण त्यांना नंतर फार छळत राहिली.

सातव्या दिवशी अश्दोदहून बेनचा फोन आला. आवाज रडवेला होता. "आई, कृष्णामावशींचे काळूकाका गेले आणि तू मला कळवलंही नाहीस? त्यांनी मला पोहायला शिकवलंय गं."

"कोण म्हणतं गेले?"

"इथल्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर आलंय. मावशींचा फोटो आहे. नवरा समुद्रात गेला तो परत आलाच नाही, असं लिहिलंय खाली."

रियानं असं काही लिहिलं नव्हतं. पण फोटो एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाताना प्रत्येकानं त्याला आपापल्या मनाचा मीठमसाला लावला होता. उघडा गळा आणि निराधार हा शब्द, एवढ्यावर उरलेली गोष्ट लोकांनी स्वतःच रचली. दिनाबाईंनी चप्पल पायात सरकवली आणि तशाच कोळीवाड्यात धावल्या. पोचायला उशीर झाला होता.

उरणकडच्या करंजा गावाहून काळूरामच्या चुलतबहिणी टेम्पो करून आल्या होत्या. गल्लीच्या तोंडापासूनच त्यांनी गळा काढला होता. दारात येऊन बघतात तर काळूराम ओट्यावर बसून जाळं सांधतोय. रडणं तिथंच थांबलं. अख्खी गल्ली गोळा झाली, आणि कुणाला हसावं की रडावं ते कळेना. काळूराम उठला, आत गेला, त्यानं स्वतः तांब्या भरून आणला आणि बहिणींच्या हातात दिला.

"पानी घ्या," तो म्हणाला. "मी हाय अजून."

एका भाच्यानं फोन पुढे केला. काळूरामनं फोटो पाहिला. त्याला वाचता येत नव्हतं, पण वाचायची गरजही नव्हती. तो बराच वेळ बायकोच्या मोकळ्या गळ्याकडे बघत राहिला. मग फोन परत दिला आणि जाळं उचललं. कृष्णाबाई चौकटीत उभी होती. तिच्या गळ्यात तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

दिनाबाई दुसऱ्या दिवशी रियाला घेऊन माफी मागायला गेल्या. रिया खरंच ओक्साबोक्शी रडली. पोस्ट तिनं रात्रीच काढून टाकली होती, पण दुसऱ्यांच्या फोनमधून ती कशी काढणार? दिनाबाई म्हणाल्या, "पोरीला कळलं नाही हो काळूराम. तिला आपल्या रीती कुठं माहीत?" म्हणताना त्यांनी रियाच्या खांद्यावर हात ठेवला होता. दिसायला तो आधाराचा हात होता. खरं तर दिनाबाई तिला पुढे ढकलून तिच्यामागे उभ्या होत्या.

काळूराम म्हणाला, "जाऊ दे, बाय. व्हतं असं." त्यानं चहा करायला सांगितलं. सगळ्यांनी चहा घेतला. कृष्णाबाई कप देऊन आत निघून गेली.

पण झालं ते चहानं मिटण्यातलं नव्हतं. काळूराम दोन भागीदारांबरोबर एका होडीवर जायचा. ज्याच्या नावानं दारात रडून झालं, ज्याच्या बायकोनं तो पाण्यावर असताना गळ्यातलं उतरवलं, त्याच्या शेजारी होडीत बसायला भागीदारांचं मन घेईना. तोंडावर कुणी काही बोललं नाही. आज इंजिन बिघडलंय, उद्या माणसं जास्त आहेत, अशी कारणं देत देत पावसाळ्याआधीच त्याची जागा दुसऱ्याला गेली. बाजारात टवाळ पोरं त्याला बघून 'भूत आला' म्हणायची. आधी तो हसायचा. मग बाजारात येईनासा झाला आणि दिवसभर ओट्यावर बसून लोकांची जाळी सांधू लागला.

शुक्रवारी मासा येत राहिला, हे दिनाबाईंना अधिक लागलं. कृष्णाबाई दारातच पिशवी द्यायची, ठरलेले पैसे घ्यायची आणि वळायची. चहाचं आधण तसंच उकळत राहायचं.

पाळणाघर नव्या जागेत गेलं. फरशी गुळगुळीत, मोरी स्वच्छ, खिडकीला जाळी. बावीस पोरं होती तिथं आता तीस झाली. गोदू मात्र त्यात नव्हती. पहिले काही दिवस दिनाबाईंनी मनाची समजूत घातली की पोर आजारी असेल, सून माहेरी गेली असेल. महिन्यानं त्यांना बाजारात दिसलं ते असं: कृष्णाबाईच्या पाटीमागे, बर्फाच्या पेटीला टेकून गोदू बसलेली, डोक्यावर ओलं फडकं, हातात त्या पेटीच्या कोयंड्याची कडी, आणि तोंडावर माश्या.

दिनाबाई पुढे होऊन खाली बसल्या. "कृष्णा, पोर उन्हानं लाल झालीय. तिकडं ठेव ना तिला. ती जागा तिच्यासाठीच घेतलीय."

"तिच्यासाठी नाय घेतली," कृष्णाबाई सुरमईचे तुकडे करत म्हणाली. "तिच्या आज्याला मारून घेतली. तिथं ती कशी खेलंल?"

"रियाला खरंच कळलं नाही गं."

"रियाचं नाव कशाला घेतंस?" कृष्णाबाईचा हात थांबला. "तिला मी तवाच माफ केलाय. दर आयतवारी येते ती, तिला मासा निवडता येत नाय तर मी निवडून देतंय. ती शिकलेली पोर, तिला गल्यातल्याचं काय ठावं? मी तुज्याकडं बघितलेला, बाय. तू मान हलवलीस."

इतके महिने दिनाबाईंना एकच आशा होती, की ती मान हललेली कृष्णाबाईच्या ध्यानात नसेल. गडबडीत होती, पोर कडेवर होती, राहून गेलं असेल. रोज झोपण्याआधी त्या स्वतःला हेच सांगत आल्या होत्या. आता सांगण्यासारखं काही उरलं नाही.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"मंग का हलवलीस?"

"पैसे पाहिजे होते. पोरांना रस्त्यावर काढलं असतं गं."

कृष्णाबाईनं तुकडे गिऱ्हाइकाच्या पिशवीत घातले, हात पाण्यात बुडवून पदराला पुसला. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर दिनाबाईंना बरं वाटलं असतं.

"इतकंच व्हतं तर मना सांगायचं," ती म्हणाली. "त्या रुमालात पाटल्या व्हत्या माज्या, चार तोल्याच्या. तुज्या डोल्यासमोर बांदल्या. माजी तीन पोरं तुज्याकडं वाढली. तू आमाला काडायला सांगतलंस, बाय. मागितलं नाय. मागितलं असतंस तर मीच दिल्या असत्या, आनि वाड्यातल्या धा जनींकडून मागून आनल्या असत्या."

पुढचं गिऱ्हाईक पापलेटचा भाव विचारत होतं. कृष्णाबाई तिकडे वळली. दिनाबाई ओल्या जमिनीवर तशाच बसून राहिल्या. साऱ्या पनवेलपुढे त्यांनी हात पसरला होता, शेवटी साऱ्या जगापुढे पसरला. या बायकांजवळही देण्यासारखं काही असेल आणि द्यायची इच्छाही असेल, हे तीस वर्षांत त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं.