बरं आहे

“काकी, या कार्डावरच्या रेषा कशा दिसतायत?”

“बऱ्या आहेत.”

“बऱ्या म्हणजे सरळ?”

“आहेत त्या बऱ्या आहेत गं बाय,” विमलाबाई म्हणाल्या.

संचिताने पेन खाली ठेवलं. मीरा रोडच्या त्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात एका नव्या इंजेक्शनची चाचणी चालू होती, आणि भाग घेतलेल्यांची विचारपूस करून टिपून घेणं हे तिचं काम. विमलाबाईंच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली नको तिथे नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या होत्या आणि पाझरत होत्या. “म्हणजे रान माजलंय म्हणा ना,” असं त्यांनी डॉक्टरांनाच समजावून सांगितलं होतं.

मूळच्या रत्नागिरीच्या या बाईंचा उभा जन्म मीरा रोडजवळच्या जेसल पार्कात साड्यांना फॉल-बिडिंग करण्यात गेला. ‘कशा आहात?’ याला त्यांच्याकडे एकच उत्तर. अंगात ताप असो की डब्यात साखर नसो, बरं आहे! समोरच्याला कशाला घोर लावायचा? त्यात इथे उपचार फुकट. कुरकुर केली आणि चाचणीतून नाव काढलं तर? डोळा गेला की सुई गेली, आणि सुई गेली की मागे उरतं काय?

शेजारी बसलेल्या सुनेला, नीलिमाला, राहवेना.

“आई, मग काल घरी टाइल्स बसवणाऱ्याला का झापलंत? ‘भैया, ये लाईन टेढी है, सब निकालो!’ बिचारा दोरी लावून लावून दमला. आणि इंजेक्शनच्या रात्री डोळा ठणकत होता तुमचा, बसून होतात.”

“तू गप गं!”

“गप नाही, बोलू द्या तिला,” संचिता म्हणाली. “काकी, अर्ध्या पेशंटना जुनं औषध मिळतंय, अर्ध्यांना नवं. तुम्हाला कुठलं, ते मला पण माहीत नाही. तुम्ही बरं म्हणालात की मी बरं लिहिणार. मग उद्या तुमच्या भरवशावर ते औषध दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यात जाणार. तक्रारी ऐकायलाच बसवलंय मला इथे. त्यासाठी कोणी काढत नाही तुम्हाला.”

आत चुण्या ठेवून फॉलवर नुसती इस्त्री फिरवणाऱ्या बायकांना विमलाबाईंनी जन्मभर नावं ठेवली होती. आपणही तेच करत होतो की! त्यांनी डावा डोळा झाकला आणि कार्ड पुन्हा समोर धरलं.

“मधल्या रेषा वाकड्या आहेत. खिडकीच्या जाळीला बॉल लागल्यासारख्या. बरं नाहीये,” त्या म्हणाल्या, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकल्या.

पण तोंड एकदा सुटलं ते सुटलंच. पुढच्या खेपेला त्यांनी सगळा पाढा वाचला. डोळा चुरचुरतो, थेंब घातले की घसा कडू होतो, तुमचा एसी हाडात शिरतो, कँटीनचा चहा म्हणजे नुसतं पाणी.

“काकी, चहा लिहायला जागा नाहीये यात!” संचिता हसत सुटली.

“माझ्या भाजीबद्दल पण खरं बोलायला लागल्यात हो,” नीलिमाने आपलं गाऱ्हाणं घातलं.

दिवाळीच्या सुमारास रेषा सरळ दिसू लागल्या. अक्षरांच्या तक्त्यावरची आणखी एक ओळ वाचता आली. औषध जुनं की नवं, देव जाणे.

त्या दिवशी घरी आल्यावर विमलाबाई नवऱ्याच्या, दत्तारामांच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. मधले कित्येक महिने त्यांना ती फ्रेम वाकडी दिसायची. येता-जाता त्या ती ‘सरळ’ करायच्या आणि नीलिमा मागून गुपचूप पूर्ववत करायची. आज त्यांनी डावा डोळा झाकून पाहिलं. फ्रेम सरळ होती, आणि आत दत्तारामांचा चेहराही स्वच्छ दिसत होता.

शेवटच्या दुखण्यात दत्तारामांनी विचारलं होतं, “माझ्यामागे बरी राहशील ना?” आणि सवयीने त्या म्हणाल्या होत्या, “मी बरी आहे. तुम्ही झोपा बघू.”

“अहो,” त्या आता हळूच म्हणाल्या, “डोळा बरा आहे. बाकी तुमच्यामागे काही बरं नाहीये.”

मग डोळे पुसून त्यांनी सुई उजेडाकडे धरली आणि दोरा ओवला.