टोचन नाही लावायचं

"दोर सोड," आत्या म्हणाली.

गणराजशेठ ट्रॅक्टरच्या पुढच्या हुकाला पिवळा दोर बांधत होते. दोराचं दुसरं टोक त्यांच्या जीपला होतं. त्यांनी मान वर केली नाही. "कस्तुराक्का, टोचन करूनच न्यावा लागंल. कवापासून बंद हाय ह्यो. बाईमाणसाच्यानं काय व्हतंय का?"

"दोर सोड म्हणलं ना!"

मीही हातातला पाना दगडावर आपटला. ठण्णकन आवाज आला. गणराजशेठ दचकले आणि मला इतकं भारी वाटलं की काय सांगू!

हा ट्रॅक्टर बाबांच्या जन्माच्या वर्षी घरी आला. आता आमच्या चाकणच्या वाड्याभोवती चारही बाजूंनी कंपन्या आहेत, आणि ज्या आवारात ट्रॅक्टर उभा होता तिथं पुढच्या आठवड्यापासून एका कंपनीचे कंटेनर लागणार होते. म्हणून बाबांनी तो गणराजशेठना विकला. त्यांचं राजगुरुनगर रोडला फॅमिली हॉटेल आहे. दारात सिमेंटचा चौथरा, चौथऱ्यावर ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर बसून गिऱ्हाइकांनी सेल्फी काढायचे, असा सगळा बेत.

विकण्यावरून आत्या भांडली नाही. फक्त म्हणाली, "त्यो सोताच्या पायानं जाईल."

आत्या म्हणजे कस्तुराआत्या, बाबांची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी ती सासर सोडून आली. सासरची माणसं जीप घेऊन तिला न्यायला आली, तेव्हा ही ट्रॅक्टरवर चढली आणि सरळ दुसऱ्याच्या रानात नांगरटीला निघून गेली. जीप संध्याकाळपर्यंत दारात उभी राहिली आणि रिकामी परत गेली. त्यानंतर पंचक्रोशीची नांगरट आत्याकडेच. मग रानं गेली, कंपन्या आल्या. आता ती कंपनीच्या कँटीनमध्ये पहिल्या शिफ्टला भात वाढते. तिथं पूर्वी आमचा भुईमूग असायचा, असं ती एकदाच म्हणाली होती, तेसुद्धा हसून.

शनिवार-रविवार आम्ही दोघी ट्रॅक्टरलाच चिकटून होतो. टाकीतलं जुनं डिझेल काकवीसारखं घट्ट झालेलं. ते उपसलं, टाकी धुतली, फिल्टर बदलला, नळ्या फुंकून साफ केल्या. टाकीच्या तळाला झिरपत होतं, तिथं आत्याने अंगाचा साबण चोळून बसवला. माझा चंदनाचा साबण! "आता ट्रॅक्टरला वास बी चांगला येईल," म्हणाली.

सोमवारी ती शिफ्टला आणि मी शाळेत असताना गणराजशेठचा पेंटर येऊन गेला. आम्ही परत आलो तर ट्रॅक्टर बोनेटपासून सीटपर्यंत लिपस्टिकसारखा लालभडक. दांड्या, नट, झाकणं, काही म्हणून सोडलं नव्हतं. आत्याने त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, "नवरीवानी नटवलाय. वरात तरी नीट काढू."

आणि आज सुट्टी टाकून तिने टाकी गळ्यापर्यंत भरली होती, शेजारच्या पिकअपची बॅटरी मागून आणली होती.

नळीत हवा अडकली की डिझेल इंजिन चालत नाही. ती आधी काढावी लागते. मी हँडपंप दाबत होते आणि आत्या फिल्टरवरचा नट जरासा सैल धरून होती. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग नुसती धार. तिने नट आवळला, सीटवर चढली आणि स्टार्टर मारला.

धुग... धुग... धुगधुगधुग! काळ्या धुराचा लोट निघाला आणि मी अक्षरशः नाचले.

ट्रॅक्टर फाटकापर्यंत गेला, खोकला आणि बंद पडला.

"घ्या!" गणराजशेठ हसले. "झाली वरात?"

आम्ही परत हवा काढली. परत सुरू झाला आणि परत फाटकाशीच मेला. आता शेजारच्या गोडाऊनचे वॉचमनही येऊन बघत होते.

"आक्का, बास कर," बाबा हळूच म्हणाले. "लोकं बघत्यात. एकदा इकला ना, कसा का जाईना."

"इकला तू. जाणार कसा, त्ये मी ठरवनार." आत्याचा चेहरा डिझेलने काळा झाला होता. "ह्याला मी कवाच टोचन लावू दिलं न्हाई, अर्जुना. मला बी कुणी लावलं न्हाई."

गणराजशेठनी घड्याळ पाहिलं. "आक्का, आता शेवटचं. न्हाईतर दोर लावतो."

पंप मारून मारून मला तहान लागली होती. मी शाळेची बाटली तोंडाला लावून जोरात पाणी ओढलं. बाटलीचं पोट आत गेलं आणि पाणी यायचंच थांबलं. तोंड काढलं तशी फुस्स करून ती परत फुगली.

मी बाटलीकडे पाहिलं. मग टाकीकडे.

उडी मारून वर चढले. टाकीचं झाकण गच्च बसलं होतं. दोन्ही हातांनी पिळलं आणि आतून केवढा लांब आवाज आला, फुस्स्स्स!

"आत्या! टाकी श्वास कोंडून बसलीय!"

आत्याने झाकण घेतलं, उन्हात धरलं, अंगठा फिरवला. झाकणाला बारीक भोक असतं, डिझेल खाली उतरेल तशी वरून हवा आत यायला. ते भोक रंगाखाली बुजलं होतं.

ती हसायलाच लागली. "गणराज, तुझ्या पेंटरनं नरडं दाबलंय ह्याचं!"

तिने काकणात अडकवलेली सेफ्टीपिन काढली आणि भोकात खुपसली. लाल रंगाची टिकली निघून पडली.

पुन्हा फेस, बुडबुडे, धार. पुन्हा धुगधुग. फाटक आलं. मी मडगार्डवर डोळे मिटून बसले होते. उघडले तेव्हा बाबा फाटकाचं दुसरं दार ढकलत होते, आणि आम्ही बाहेर होतो!

रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती. एका ड्रायव्हरने खिडकीतून सलाम ठोकला. मी मागे वळून पाहिलं. गणराजशेठची जीप आमच्या मागून येत होती. मी त्यांना हात केला. त्यांनी नाही केला.

हॉटेलवर आत्याने फळ्यांवरून ट्रॅक्टर एका दमात चौथऱ्यावर चढवला, ब्रेक लावला, खाली उतरली आणि चावी गणराजशेठच्या हातात दिली. इंजिन चालूच होतं. धूर फॅमिली सेक्शनमध्ये शिरत होता.

त्यांनी वर चढून चावी फिरवली. काही झालं नाही. उलटी फिरवली. धुगधुगधुग. चावीने तो बंद होतच नाही. स्टिअरिंगखालची बारकी दांडी ओढावी लागते, आणि ती दांडीही आता लालात लाल झाली होती.

"ओ आक्का! बंद कसा करायचा ह्यो?"

"आता तुझा हाय," आत्या चालता चालता म्हणाली. "बघ तूच."

"टाकी गळ्यापर्यंत भरलीय हां!" मी ओरडले.

पलीकडच्या स्टॉपवर आम्ही बसलो. माझं हसू थांबत नव्हतं. आत्या मात्र हसत नव्हती. पदराने हात पुसत होती, पण काळं काही जात नव्हतं.

एसटी आली, थांबली. "चाकण, चाकण!" कंडक्टर ओरडला. मी उठले. आत्या उठली नाही.

"जाऊ दे," ती म्हणाली. "दुसरी येईल."

बस गेली. तिची घरघर विरली तशी मागची धुगधुग परत ऐकू यायला लागली. आत्याने पिन पुन्हा काकणात अडकवली आणि कान तिकडे लावून बसून राहिली.