अर्थिंगचं पाणी

सात वाजून नऊ मिनिटांनी भाग्यश्रीचं तोंड उघडं राहिलं ते उघडंच राहिलं. म्हणजे तिच्या घरात ते चांगलं उघडमीट करत होतं, लसावि समजावून सांगत होतं. पण नाशिकच्या, दुबईच्या आणि कुठकुठच्या अकरा पोरांच्या पडद्यावर ती एक हात वर करून, अर्धे डोळे मिटून गोठली होती. पोरं तिला स्वच्छ दिसत होती, त्यांचं खिदळणंही ऐकू येत होतं. "टीचरचा पुतळा झाला," असं एक मुलगी म्हणाली, तेसुद्धा आलं. हिचं मात्र तिकडे काही म्हणजे काही जात नव्हतं.

गेले पंधरा दिवस हेच चाललं होतं. नेरळ-शेलू रस्त्यापासून आत, भातखाचरांच्या कडेला तिचं सासर. दिवसभर इंटरनेट झकास चाले आणि दिवेलागण झाली की बसकण मारी. त्यातही बाहेरून आत येणारं सगळं सुरळीत येई. घरातून बाहेर जायचं तेवढं अडे. आणि शिकवणाऱ्या बाईचं सगळं काम बाहेर जाण्यावरच असतं, हे काय सांगायला हवं?

बीएससी करून लग्न झालेल्या भाग्यश्रीला आठ वर्षांनी ही ऑनलाइन शिकवणीची नोकरी मिळाली होती. लोकांच्या लेखी ती किरणची बायको आणि जिजाबाईंची सून. संध्याकाळी सात ते आठ एवढा एकच तास ती टीचर असे. तो तास आता हातचा जायला आला होता. दोन तक्रारी झाल्या तेव्हा वरच्या संध्या मॅडमनी फोन करून स्पष्ट सांगितलं, "शुक्रवारी मी स्वतः तासाला बसते. नीट झाला तर दिवाळीनंतर तुम्हाला कायम करू. आवाज तुटला तर बॅच दुसरीकडे द्यावी लागेल. माझाही नाइलाज आहे."

भाग्यश्री घाबरली, पण फार नाही. तिला नवनाथ होता.

नवनाथ तिचा धाकटा भाऊ. माहेर खालापूरकडचं. आई लवकर गेली, तेव्हा त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून दहावीचं गणित घोटून घेण्यापर्यंत सगळं हिनंच केलं होतं. दोन वर्षं तो एका केबलवाल्याकडे खांबांवर चढला. मग हिच्या सासरामागे पुण्याच्या एका साहेबांनी बंगला बांधला, तेव्हा हिनंच शब्द टाकून त्याला तिथे राखणदार लावून दिलं. मधे एक बांध आणि दोन खाचरं, बस्स. आणि ही फायबरची जोडणीसुद्धा त्याचीच. गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर त्यानं ताटात साडी घातली नाही, पाकीट घातलं नाही; एक चिठ्ठी घातली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'ताईच्या शिकवणीला इंटरनेट.' भाग्यश्री तेव्हा पदरात तोंड लपवून रडली होती. पुढे सहा महिने विहिरीवरच्या एकाही बाईला तिनं ही गोष्ट ऐकवायची सोडली नव्हती.

आता असा भाऊ असताना कंपनीच्या हेल्पलाइनला कोण फोन करतो? "त्यांना नको बोलवू गं ताई," नवनाथ म्हणाला होता, "येतील नि उगाच घोळ घालून जातील. मी हाय ना."

आणि तो खरंच होता. लगेच नव्हे, "उद्या येतो", "परवा येतो" करत, पण येई. आधी म्हणाला, माकडांनी वायर कुरतडली असंल. खांबावर चढून बघून आला. मग म्हणाला, इंटरनेटची डबी तापते, तिच्यावरचा रुमाल काढ. मग म्हणाला, घरात मोबाइल फार झालेत. त्या दिवशी भाग्यश्रीनं सासूच्या फोनचं वायफाय बंद केलं आणि जिजाबाईंची मालिका ऐन लग्नाच्या भागात तुटली.

"माझ्या मालिकेनं तुझी शाळा बंद पडते होय गं?" जिजाबाई म्हणाल्या. "ज्यानं बसवलं त्याला इचार की. मला तर कुठंतरी पाणी मुरल्यासारखं वाटतंय."

"माझ्या भावाचं नाव काढू नका, आई," भाग्यश्री ताडकन म्हणाली. "तुमच्या घरातल्या कुणी मला साधा पेन दिला नाही. त्यानं अख्खी जोडणी दिली."

लग्न झाल्यापासून ती सासूला असं कधी बोलली नव्हती. त्यानंतर चार दिवस दोघींत मीठ-मिरचीपुरतंच बोलणं राहिलं.

नवनाथचा शेवटचा उपाय अर्थिंगचा. पडवीत छताजवळ इंटरनेटची डबी होती. तिच्यातून एक निळी वायर लॅपटॉपला येई आणि दुसरी राखाडी वायर भिंतीवरून खाली उतरून मोरीच्या कोपऱ्यात, पाइपातून जमिनीत जाई. ती अर्थिंगची, असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "हिला हात नाय लावायचा ताई. वीज पडली तर हीच तुमाला वाचवंल. फक्त मुळाशी पाणी घालत जा, अर्थिंग ओलं पायजे." गावात विजेच्या अर्थिंगला पाणी घालतातच, चक्कीवाला घालतो, पंपवाले घालतात. त्यामुळे भाग्यश्री वर्षभर रोज तुळशीला एक तांब्या आणि त्या वायरीला एक तांब्या असं नेमानं पाणी घालत आली होती. आता तो म्हणाला, "अर्थिंग सुकलं असंल, दोन घालत जा." ती दोन घालू लागली. तुळशीला एकच.

शुक्रवारी तिनं तीन तांबे घातले. निळी साडी नेसली, सासूचा फोन बंद करून फळीवर ठेवला. सात वाजता संध्या मॅडमचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात आला. सात वाजून चार मिनिटांनी भाग्यश्रीचा पुतळा झाला. ती बोलत राहिली, हात हलवत राहिली, पाटीवर मोठ्या अक्षरांत 'ऐकू येतंय का?' लिहून तिनं ती कॅमेऱ्यासमोर धरली. ती पाटीही तिकडे पोचली नाही. सव्वासातला मॅडम म्हणाल्या, "भाग्यश्री, राहू दे. मुलांचा वेळ जातोय." हे अगदी स्पष्ट ऐकू आलं. मग एकेक चौकोन विझत गेला.

ती रडली नाही. शनिवारी दिवसभर सुन्न होऊन तिनं घरातली कामं उरकली. पावणेसातला, आता बिघडायचं काहीच उरलं नव्हतं म्हणूनच, तिनं हेल्पलाइनला फोन लावला.

पलीकडची मुलगी शांत होती. तिनं भाग्यश्रीला डबीवरचे आकडे वाचायला लावले, लॅपटॉपवर कुठलंसं पान उघडायला लावलं. मग विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे वायरनं जोडलेली दोन यंत्रं दिसतायत. एक लॅपटॉप. दुसरं काय आहे?"

"दुसरं काही नाही. ती अर्थिंगची वायर आहे."

"या डबीला अर्थिंगची वायर नसते, मॅडम. त्या दुसऱ्या वायरवरून आत्ता खूप डेटा वर जातोय. तुमचा जवळजवळ सगळाच. साडेसहानंतर वाढत गेलाय. ती काढून बघता का?"

भाग्यश्री स्टुलावर चढली. वर्षभरात तिनं त्या वायरीला एकदाही बोट लावलं नव्हतं. आताही तिनं आधी पायात रबरी चप्पल घातली, शॉक लागेल म्हणून. खटकी दाबून ओढली तेव्हा वायर सहज हातात आली. शॉक लागला नाही.

"आता वेग तपासा," मुलगी म्हणाली.

तिनं तपासला. पडद्यावरचा काटा वर गेला आणि वरच राहिला. आत येणारं जेवढं, तेवढंच बाहेर जाणारं. सात वाजायला पाच मिनिटं होती, घरात लखलखीत इंटरनेट होतं आणि शिकवायला एकही पोर नव्हतं.

मोरीतून जिजाबाई आल्या. त्यांनी सुनेच्या हातातली वायर पाहिली, कोपऱ्यातला पाइप पाहिला, मग मागच्या दारातून बाहेर. "पाइप बांधाकडं गेलाय," एवढंच म्हणाल्या. बांधापलीकडे काय होतं ते दोघींनाही ठाऊक होतं.

भाग्यश्री पडवीच्या पायरीवर बसली. कुणीही येऊ नये, असं तिला मनापासून वाटत होतं. कुणी आलं नाही तर वायर कुठल्याही उंदराच्या बिळात जात असेल, कुणा शेजाऱ्यानं चोरून जोडली असेल. शेजाऱ्याचं ती सहन करेल, भांडून मोकळी होईल. तिनं गणपतीचं नाव घेतलं. काळोखात पिवळ्या पडलेल्या भाताचा वास येत होता.

दहाव्या मिनिटाला बांधावरून बॅटरी हलत आली. नवनाथ धापा टाकत होता.

"ताई, लाइट हाय ना तुमच्यात? नेट बंद झालं काय गं?"

पंधरा दिवस हाका मारल्या तर उद्या, परवा. आज तिनं हाकही मारली नव्हती.

"तुला कसं कळलं रं, नेट बंद झालं ते?" तिनं विचारलं.

तो काही बोलणार तोच त्याची नजर तिच्या मांडीवरच्या राखाडी वायरीवर गेली. त्याच्या खिशातला फोन वाजत होता. त्यानं तो काढून पाहिला आणि परत ठेवला. "साहेबांचा हाय," तो म्हणाला. "कॅमेरे बंद दिसतात त्यांना."

मग सगळं बाहेर आलं. बंगल्याच्या जागेचे कागद अर्धवट, त्या पत्त्यावर जोडणी मिळेना. साहेबांना तर आठ कॅमेरे पुण्यातून बघायचे. नवनाथनं शब्द दिला, मी करतो. जोडणी बहिणीच्या नावावर, खर्च साहेबांचा.

"म्हणजे ओवाळणी त्यांची," भाग्यश्री म्हणाली.

"तसं नाय गं... म्हटलं त्यांचंबी होईल, तुझंबी होईल. वरीसभर काय तरास झाला का सांग? आता भात पिकलं नि तुडतुडे सुटले. काळोख पडला का कॅमेऱ्याच्या उजेडावर नुसते झेपावतात. कॅमेऱ्याला वाटतं चोर आला, का लगेच तो चित्रं वर पाठवतो. आठच्या आठ. रातभर."

पुण्यातल्या कुणा साहेबाला आपल्या भिंतीवरचे तुडतुडे बघता यावेत म्हणून तिचा अकरा पोरांसमोर पुतळा झाला होता.

"तुला कधी कळलं हे?"

नवनाथनं खाली पाहिलं. "चौथ्या दिवशी."

चौथ्या दिवशी. म्हणजे खांबावर चढला तेव्हा माहीत होतं. रुमाल काढला, म्हातारीची मालिका तोडायला लावली, तेव्हाही माहीत होतं. दोन तांबे घाल म्हणाला तेव्हाही. कुंपणानंच शेत खाल्लं होतं आणि ती मात्र कुंपणाला पाणी घालत बसली होती. तिला सगळ्यात जास्त त्या पाण्याची लाज वाटली. नोकरी गेली ते दुःख होतंच. पण रोज भक्तिभावानं वाकून घातलेलं ते पाणी तिला आता अंगावर कुणी थुंकावं तसं आठवत होतं.

"मागितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का रं?" तिचा आवाज फाटला. "सांगितलं असतंस तर सात ते आठ एक तास वायर काढून ठेवली असती. एक तास!"

"साहेब म्हणाले, पाच मिन्टंबी बंद नाय पायजे. माझी जागा गेली असती ताई."

"म्हणून माझी घालवलीस."

फोन पुन्हा वाजू लागला. भाग्यश्री उठली, मोरीत गेली, तांब्या काठोकाठ भरून आणला आणि त्याच्या हातात दिला.

"घाल."

"काय गं ताई..."

"अर्थिंगला घाल. वर्षभर मी घातलं, आज तू घाल. ओलं पायजे ना?"

नवनाथ तांब्या धरून उभा राहिला. पाणी हिंदकळून त्याच्या पायांवर सांडलं. तो रडायला लागला. लहानपणी पाढा चुकल्यावर रडायचा तसाच, नाक ओढत. तिला ते रडणं खोटं वाटलं नाही, आणि खरं आहे म्हणून तिचा राग तसूभरही कमी झाला नाही.

जिजाबाई पुढे झाल्या, त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि कट्ट्यावर ठेवला. 'मी म्हटलं नव्हतं?' असं त्या म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सुनेच्या शेजारी पायरीवर बसल्या, इतकंच. भाग्यश्रीनं त्यांचा फोन फळीवरून काढून वायफाय सुरू करून दिलं. माफी मागायला तिला दुसरं काही सुचलं नाही.

नवनाथ अंगणात घुटमळत होता. राखाडी वायरीचं टोक अजून पायरीवर पडलेलं होतं; एकदा त्यानं तिकडे पाहिलं, पण उचललं नाही. मग अगदी हळू विचारलं, "भाऊबीजेला येऊ ना ताई?"

तिनं वायरीचं टोक गुंडाळून बाजूला ठेवलं.

"ये," ती म्हणाली. "पाट मांडीन, ओवाळीन. भाऊ हायस. पण ताटात काय घालू नको." तिनं पदरानं डोळे पुसले. "तू घातलेलं आता मला उलटंपालटं करून बघावं लागंल."