आर्डूच्या कानातलं नाव

मी एक जुना, उसवलेला कापडी आर्डवार्क आहे, मित्रांनो. नाक डुकराचं, कान गाढवाचे, शेपटी कुणाची ते शिवणाऱ्यालाच ठाऊक. आफ्रिकेतले माझे खरे भाऊबंद वारुळं उकरून मुंग्या खातात. तिकडच्या बोलीत आमच्या नावाचा अर्थ मातीतलं डुक्कर. पण माणसांनी ते नाव कुठं कुठं नेलं! यादीत पहिलं यावं म्हणून दुकानांना दिलं, बॉम्ब टाकणाऱ्या विमानालाही दिलं. भिवंडीजवळच्या कोन गावात त्याचा जो उपयोग झाला, तो मात्र कुणाला माहीत नाही.

परदेशी खोक्यातून मी इथल्या गोदामात उतरलो. शिवण सुटलेली, म्हणून बाजूला पडलो. तिथं काम करणाऱ्या मनोजनं मला घरी नेलं. घरात पाळणा होता, पण हसू नव्हतं. मनोज आणि रीमाचं पहिलं बाळ बारशाआधीच गेलेलं. आता दुसऱ्या खेपेला मुलगी झाली होती, आणि सगळे तिच्याकडे चोरून बघत.

"काय रं ह्यो, गाढव का डुक्कर?" मनोजच्या आईनं, धोंडूबाईनं विचारलं.

"आर्डवार्क, आये. मातीतला डुक्कर."

"ब्येस. असलं नाव कोन न्हेल?"

धोंडूबाईच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून तिला धोंड्याचं नाव ठेवलेलं, आणि ती जगली. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात. तिनं त्याच्या जागी मला निजवलं. रीमानं ठरवलेलं 'रुचिका' हे नाव माझ्या कानात सांगितलं, आणि पोरीच्या कानात माझं. मग हळू गायली:

"माझ्या बालाचं गो नाव, मातीच्या डुकराचं,
जा गो सटवी माघारी, हितं न्हाय तुझ्या कामाचं."

पोर झाली आर्डू, मी झालो रुचिका. दिवेलागणीला म्हातारी मला दाराशी बसवी आणि "रुचिके" म्हणून हाक मारी, नेणाऱ्यानं मलाच न्यावं म्हणून. कधी काहीतरी गार माझ्या अंगावरून फिरे आणि परत जाई. तो वारा होता का, मला सांगता येत नाही.

पोर शाळेत जाऊ लागली. एका दुपारी रीमा तिला घेऊन आली ती रागातच.

"बाईंनी रुचिका म्हनून हाक मारली, ही गप. वर सांगते, ती घरी हाय, दारात बसलीय. गैरहजर लावली हिला."

"जित्या पोरीला न्हाय म्हनली?" तव्यावरची भाकरी करपली, तरी धोंडूबाई हलली नाही.

"आये, तिचं तिला द्या आता."

"दिलं, अन् गेली मंजे?"

"शालेत न्हाय, घरात आर्डू. माझी रुचिका हाय कुठं, सांगा ना?"

 म्हातारीनं पोरीला जवळ ओढून तिच्या कानात 'रुचिका' हे नाव सांगितलं.

"मंग ती कोन?" पोरीनं माझ्याकडे बोट केलं.

"ती कोन न्हाय."

संध्याकाळी पोर गल्लीत खेळत होती. धोंडूबाईनं माझं तोंड भिंतीकडे केलं आणि ती उंबऱ्यात उभी राहिली.  मग ओरडली, "रुचिके, ये गो बाय घरान!"

 सवयीनं मीच ओ देणार होतो, मित्रांनो. तेवढ्यात गल्लीतून "ओ आजे" आलं, आणि मागोमाग धावणारी पावलं.

म्हणून सांगतो, भीतीपोटी कुणाचं नाव लपवलंत, तर ते फार दिवस लपवू नका. त्याला त्याच्या नावानं हाक मारा, मोठ्यानं, दारात उभं राहून. आणि घरात माझ्यासारखं एखादं जुनं खेळणं असेल, तर दिवेलागणीला त्याला दाराशी एकटं सोडू नका.

ते गार काहीतरी अजून येतं. मला हुंगतं. आता माझ्या कानात त्याला कुणाचंच नाव सापडत नाही.