आटोपशीर हालहवाल

"पंधरा मिनिटं, चाचा. सोळावं लागलं की मी ही वाजवणार," रेहान म्हणाला आणि त्यानं गळ्यातली शिट्टी दाखवली.

दिलमुरादनं मान डोलावली. तो वाळूत उभा राहून एका पायावरचा भार दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरचा परत पहिल्यावर देत होता. दोन्ही पाय हा व्यवहार नाखुशीनं करत होते. मागून नऊ पाठपिशव्या उतारावरून खाली येत होत्या. त्यांच्याखाली माणसं होती.

कराचीहून मकरानच्या किनाऱ्यावर येणाऱ्या या सहलीची जाहिरात दिलमुरादला तोंडपाठ होती. 'समुद्रासमोर मुक्काम, वर ताऱ्यांचं छत.' यात खोटं काहीच नव्हतं. मुक्काम आपल्या पाठीवर वाहून आणायचा आणि आपणच ठोकायचा, एवढं सांगायचं राहून गेलं होतं. महागड्या सहलीत हमाल सामान उचलतो. स्वस्त सहलीत माणूस पैसे भरून हमाल होतो आणि वर फोटो काढून घेतो. दिलमुराद या लोकांना वाट दाखवायचा, त्यांचा भात शिजवायचा आणि त्यांच्या टाचांवरच्या फोडांना मलम लावायचा. त्याला ही माणसं आवडायची. इतक्या लांब येऊन 'इथं काहीच नाही!' असं आनंदानं ओरडणारी माणसं त्यानं दुसरीकडे कुठं पाहिली नव्हती.

रेहान टोळीचा म्होरक्या होता आणि नवा होता. त्याच्या कार्यक्रमात सूर्यास्तसुद्धा वेळेसकट छापलेला होता. तो पलीकडच्या सुळक्यावरून बघायचा होता, म्हणून घाई होती.

खाली कोरड्या नदीच्या मुखाशी चटयांच्या तीन झोपड्या होत्या. त्यांतल्या पहिलीसमोरच्या मांडवात माहगंज चहा करायची. गेली कित्येक वर्षं प्रत्येक टोळी इथं चहाला थांबत आली होती. आलेल्या माणसानं आधी हालहवाल द्यायचा, मग घोट घ्यायचा. कुठून निघालास, वाटेत कोण भेटलं, पाऊस कुठं पडला, समुद्र कसा आहे, कोण जन्मलं, कोण गेलं, आणि शेवटी स्वतःचं, मग 'खैर', म्हणजे बाकी सगळं ठीक. हे सगळं क्रमानं आणि खरंखुरं सांगायचं. हालहवालात खोटं बोलणाऱ्याच्या घरी पाहुणा येत नाही, असं म्हणतात.

हालहवाल घेण्याचा मान वस्तीतल्या थोरल्या पुरुषाचा. पण इथला थोरला पुरुष म्हणजे माहगंजचा दीर सब्झल, आणि तो ठार बहिरा. त्याला हालहवाल द्यायचा तर असा ओरडून द्यावा लागला असता की पलीकडे ओमानला वेगळा द्यायची गरज उरली नसती. म्हणून तो मान या विधवा बाईकडे आला आणि तिच्याकडेच राहिला. दिलमुराद तिला 'बानुक' म्हणायचा, म्हणजे बाईसाहेब. ती त्याला 'वाजा' म्हणायची, म्हणजे महाशय. दोघांच्या वयाची बेरीज केली तर इतका औपचारिकपणा शोभून दिसत होता.

आज दिलमुरादच्या मनात एक गोष्ट होती आणि ती त्याला सांगायची नव्हती. डॉक्टरनं त्याच्या गुडघ्यांचे एक्स-रे उजेडात धरून 'वाळू बंद' असं सांगितलं होतं. कंपनीनं दुसरा माणूस पाहिला होता. ही त्याची शेवटची खेप होती. इथं गाडीरस्ता नाही. पायी न येणारा माणूस इथं येत नाही. खोटं बोलायचं नव्हतं, खरं बोलायचं नव्हतं, तेव्हा मुळात फार बोलायचंच नाही असं त्यानं सकाळपासून ठरवलं होतं. रेहानची शिट्टी म्हणजे आयतं निमित्त.

तो चटईवर बसला. खरं तर बसला म्हणण्यापेक्षा पडता पडता चटई आडवी आली. माहगंजनं किटली उचलली आणि विचारलं, "वाजा, हालहवाल द्या."

"खैर आहे, बानुक. सगळी खैर."

ती थांबली.

"पुढं?"

"पुढं काय? खैरच." त्यानं रिकाम्या पेल्याकडे बघितलं. "या पोराला जरा घाई आहे."

माहगंजनं किटली खाली ठेवली. चादर कपाळावर ओढून घेतली आणि ती जिथं होती तिथंच खाली बसली. आतून तिची सून बाहेर आली, तिनं सासूकडे बघितलं, दिलमुरादकडे बघितलं आणि हंबरडा फोडला. शेजारच्या दोन झोपड्यांतल्या बाया धावल्या. सब्झलला ऐकू काही आलं नव्हतं, पण डोळे शाबूत होते. तो मुकाट्यानं उठला आणि समाचाराला येणाऱ्या माणसांसाठी मोठी चटई अंथरू लागला.

टोळीला बलोची येत नव्हती. पण रडण्याला भाषा लागत नाही. एकानं फोटोसाठी वर केलेला फोन हळूच खाली घेतला.

दिलमुरादला लख्ख उमगलं की आपण काय करून बसलो. या किनाऱ्यावर एवढा आखूड हालहवाल एकच माणूस देतो. ज्याच्या तोंडी मरणाची खबर असते तो. 'खैर' म्हणतो आणि त्याला पुढं बोलवत नाही. माहगंजचा एकुलता मुलगा दाद करीम आखातात जाणाऱ्या लाँचवर होता आणि त्याची खबर दर खेपेला दिलमुरादच आणत असे.

"अगं ए पोरी, गप! या खुदा! बानुक, दाद करीम ठणठणीत आहे! बुधवारी बंदरावर भेटला मला. जाड झालाय! गाल असे आलेत!" त्यानं स्वतःचे खप्पड गाल फुगवून दाखवले.

सुनेचा हुंदका मध्येच अडकला. माहगंजनं चादर मागं सारली.

"मग कोण गेलं?"

"कोणी नाही."

"वाजा, मागच्या खेपेला तुम्ही तुमच्या गल्लीतल्या न्हाव्याची शेळी शिंकली तेसुद्धा सांगितलंत. त्याच्या आधी शेळीनं काय खाल्लं म्हणून शिंकली, ते. आणि आज कोणी मेलं नाही नि तुमचं तोंड एका शब्दात मिटलं?"

"ते ते… घाई…"

"घाई त्या पोराला आहे. तुम्हाला काय झालंय?"

तेवढ्यात शिट्टी वाजली. सोळावं मिनिट लागलं होतं.

टोळीत शगुफ्ता बाजी नावाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी रेहानसमोर हात पसरला. "दे इकडे."

"बाजी, पण सूर्यास्त…"

"तो तुझ्याशिवायही होतो, बेटा. दे."

रेहाननं शिट्टी दिली. त्याची शाळा सुटून दोनच वर्षं झाली होती. सवय गेली नव्हती. नऊ पाठपिशव्या उतरल्या. सब्झलनं मोठी चटई अंथरलेली होतीच, तिच्यावर सगळे बसले. समाचाराच्या चटईवर इतका रंगीबेरंगी समाज पूर्वी बसला नसेल.

मग दिलमुरादनं हालहवाल दिला. कराचीहून बस निघाली तेव्हा धुकं होतं. टेकडीपाशी लाल बक्षचा ट्रक पंक्चर उभा होता, चाक होतं, जॅक नव्हता, आमच्या ड्रायव्हरनं दिला. पाऊस फक्त डोंगरात, तोही थुंकल्यासारखा. समुद्र शांत आहे, पण कोळंबी रुसली आहे. न्हाव्याची शेळी बरी आहे. दाद करीमनं सलाम सांगितलाय, आईसाठी शाल घेतली आहे, बायकोसाठी काय घेतलं ते सांगायला लाजला. गल्लीत एक लग्न झालं, एक मोडलं. मोडलेल्यातला नवरदेव जास्त खूश आहे. सून डोळे पुसता पुसता हसली.

आता स्वतःचं उरलं. दिलमुरादनं पेला दोन्ही हातांत धरला.

"गुडघे गेले, बानुक. डॉक्टर म्हणतो, वाळू बंद. ही खेप शेवटची. पुढच्या खेपेला दुसरा माणूस येईल. भला माणूस आहे. हालहवाल नीट देईल, मी त्याला बजावलंय." त्यानं पेला हातात फिरवला. "बाकी खैर."

"खैर," माहगंज म्हणाली. ऐकणाऱ्यानं तसं म्हणायचं असतं.

रेहान अर्धा उठला. "झालं ना, चाचा?"

"अजून त्यांचा व्हायचाय."

ते तसं रीतीपुरतंच होतं. माहगंजचा हालहवाल वर्षानुवर्षं एकच असे. 'इथं काय, वाळू आहे, पाणी आहे. खैर.' दिलमुरादला त्यावर मान हलवायची सवय होती, ती त्यानं हलवायलाही घेतली.

पण माहगंजनं चादर नीट केली, हात मांडीवर ठेवले आणि पुरुषासारखा रीतसर हालहवाल सुरू केला.

"विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलंय. काळी शेळी व्याली, दोन झाली, एक जगलं. सब्झलला ऐकू येत नाही ते बरंच आहे, कारण तो स्वतः घोरतो. सुनेला दिवस गेलेत. दाद करीमला सांगा, शाल राहू दे, लवकर ये." सून आत पळाली. माहगंज समुद्राकडे बघून पुढं बोलू लागली. "तुमची टोळी टेकाडावर दिसते तेव्हा नुसते ठिपके असतात. सगळे ठिपके सरळ चालतात. एक डावीकडे झुकतो. गेल्या हिवाळ्यापासून फार झुकायला लागला होता. मला कळलं होतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं." तिनं मांडीवरची वाळू झटकली. "टोळी यायची असते त्या दुपारी मी झोपत नाही. बाकी खैर."

दिलमुरादनं पेला खाली ठेवला.

"खैर," तो म्हणाला.

तोवर सूर्य पाण्याला टेकला होता. कार्यक्रमात छापलेल्या जागेपासून तो तीन मैल चुकला, पण कोणी तक्रार केली नाही. शगुफ्ता बाजींनी शिट्टी परत केली. पिशव्या पाठीवर चढल्या. दिलमुराद मात्र चटईवरच होता. त्यानं एक तळहात वाळूत रोवला, अंग उचललं आणि पुन्हा खाली टेकलं. रेहान चटकन त्याच्या काखेत हात घालायला वाकला.

"डॉल्फिन!" माहगंज एकदम ओरडली आणि तिनं समुद्राकडे बोट केलं. "तिकडे! डॉल्फिन!"

हा शब्द सगळ्यांना येत होता. दहाच्या दहा माणसं वळली, फोन वर झाले, दोघं तर पिशव्यांसकट पाण्याकडे धावली. सब्झलही सगळे बघतात म्हणून बघू लागला. पाणी तांबडं आणि सपाट होतं. हालहवाल देऊन झाला होता; त्यानंतर बोललेलं हिशेबात धरत नाहीत.

दिलमुराद आपल्या सवडीनं उठला. आधी एक गुडघा, मग मांडवाचा खांब, मग दुसरा गुडघा. तोंडातून एक आवाज निघाला, तो लाटांनी घेतला. उभं राहून त्यानं टोपी सरळ केली आणि वर बघितलं.

सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे होत्या. रेहान शपथेवर सांगत होता की त्याला शेपूट दिसली. सगळ्यांत पुढं, पाण्याकडे तोंड करून, माहगंज उभी होती, आणि 'थांबा, अजून एक येईल' म्हणत होती.